अर्थिंगला पाणी

आईची बोटं बारा महिने सुजलेली असायची. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कोळंबी सोलायच्या कंपनीत ती कामाला होती. दिवसभर हात बर्फात. घरी आली की आधी कोमट पाण्याच्या टोपात हात बुडवून बसायची आणि म्हणायची, "जरा थांबा, माझे हात मला परत मिळूदेत, मग जेवणाचं बघते." वडील पूर्णगडला बोटीवर खलाशी होते. जाळं ओढताना त्यांचा खांदा कायमचा गेला आणि बोटीवरचं काम संपलं. तिथलं घर बंद करून आम्ही मिरजोळ्यात एका खोलीत राहायला आलो. वडील दारात बसून असायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "सुट्टीवर हाय." ती सुट्टी कधी संपली नाही.

मी बारावी सायन्सला चांगली पास झाले, तेव्हा आता हिचं काय करायचं हे घरात कोणालाच कळेना. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेलं कोणी नव्हतं. त्यामुळे 'जा' म्हणायला कोणी नव्हतं, आणि 'जाऊ नको' म्हणायलाही नव्हतं. मी गेले. सकाळी कॉलेज आणि दुपारपासून काम, अशी तीन वर्षं काढली. हे सांगायला मला लाज वाटत नाही, उलट मी ते मुद्दाम सांगते.

आता मी शाळेत विज्ञान शिकवते. स्थिर विद्युतचा धडा दर वर्षी येतो. कंगवा घासा, कागदाचे कपटे उचला, पोरं हसतात, घंटा होते. खरं सांगायचं तर मला आता तो धडा शिकवायचा कंटाळा येतो. पण तो आला की काका आठवतात, आणि ते आठवले की त्या दिवशी घरी गेल्यावर काही करावंसं वाटत नाही.

काका म्हणजे नात्यातले नव्हेत. मी जिथे काम करायची त्या पावडर कोटिंगच्या शेडचे ते फोरमन. लोखंडाच्या वस्तूंवर रंगाची कोरडी पावडर गनने उडवायची, ती वस्तूला चिकटून बसते, मग भट्टीत भाजायची, की रंग पक्का. आमच्याकडे खिडक्यांची ग्रिलं, खुर्च्यांचे सांगाडे, रॅक असलं सगळं यायचं. आम्ही बायका वस्तू हुकाला अडकवून वरच्या रेलवर टांगायचो. गन फक्त काका चालवायचे.

वय साठीच्या आसपास. अंगाने काटकुळे, पायात कधी काही नाही. रबराची चप्पल घातली की माणूस जमिनीपासून तुटतो, असं त्यांचं म्हणणं. अंगात कायम सुती सदरा. शेडमध्ये शिरताना उजवा हात दाराजवळच्या लोखंडी खांबाला लावायचे आणि मगच माणसांशी बोलायचे. नवीन बायकांना वाटायचं, नमस्कार करतायत. पाठीमागे सगळ्या त्यांना पुजारी म्हणायच्या.

एकदा शेट गुळगुळीत टेरिकॉटचा नवा शर्ट घालून गनजवळ आले. काकांनी गन बंद केली.

"शेट, भायेर जावा."

"अहो काका, माझीच शेड आहे!"

"शेड तुमची. शर्ट माझ्या पावडरीचा नाय. ती तुमच्याच अंगाला बसंल, मग तुम्हाला भट्टीत घालू काय?"

शेट हसत बाहेर गेले. तेव्हा ते हसायचे.

माझ्या पहिल्या दिवशी काकांनी मला तो प्रश्न विचारला. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारायचे आणि उत्तर दिल्याशिवाय दुपारचा चहा मिळायचा नाही. बायका दुसऱ्या दिवसापासून घरून थर्मास आणायच्या.

"पावडर कोरडी, लोखंड कोरडं. चिकटते कशानं?"

माझ्या आधीच्या बाईने सांगितलं होतं, "चिकटते म्हणून चिकटते." मी तर बी.एस्सी.ला होते. मान वर करून म्हणाले, "तिला धन प्रभार मिळतो. प्लस चार्ज."

"मिळतो? कोण देतो?"

गनमध्ये टेफ्लॉनची लांब नळी असते, तिच्यातून हवेच्या दाबाने पावडर घासत बाहेर येते. तेवढं मला दिसत होतं. म्हणाले, "नळी देते."

"नळी देते! नळीच्या बापानं साठवून ठेवलाय काय?" बायका खो खो हसल्या. काका हसले नाहीत. "उद्या ये गो बाय. कॉलेजात जातेस ना? पुस्तक बघून ये."

मी रागाने घरी आले. सातवी शिकलेला माणूस मला पुस्तक बघायला सांगतो! पुस्तक उघडलं तर तिसऱ्याच ओळीत उत्तर होतं. ती ओळ मी वहीत दोनदा उतरवली होती, परीक्षेत एकदा लिहिली होती आणि तिचे मार्कही घेतले होते. पण तिचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता. प्लस म्हटलं की काहीतरी आलं, वाढलं, हेच मनात धरून मी इतके दिवस चालले होते.

दुसऱ्या दिवशी सांगितलं, "पावडर नळीला घासताना स्वतःचे इलेक्ट्रॉन घालवते. ते नळीकडे जातात."

"मग पावडरीला मिळालं काय?"

"काही नाही. गेलं."

"हां. प्लस आधीच आत असतात, घट्ट. ते कुठं हलत नाय. मायनसवाले वरवरचे, घासलं की निघाले. ते गेले की आतले प्लस जास्त पडतात, आणि पावडर वेडी होते. गेलेलं भरून काढायला मिळंल त्याला धरते." मग कपाकडे बोट केलं. "आता घे चहा."

हे त्यांना मुंबईत कळलं होतं. उमेदीची वर्षं त्यांनी तिकडे पंख्यांच्या कारखान्यात काढली. तिथल्या कोणा इंजिनिअरने एकदा नीट समजावून सांगितलं, ते यांनी शब्द न् शब्द धरून ठेवलं. कारखाना बंद पडला, हे परत आले. बायको वारली होती. मुलगा मुंबईतच राहिला. त्याचा फोन यायचा नाही. हे करायचे, तो उचलायचा नाही. एकदा माझ्यासमोर असाच फोन वाजून वाजून बंद झाला. मोबाइल खिशात टाकत म्हणाले, "ज्याचं गेलंय, तोच चिकटायला धावतो. बघ की, पावडर धावते. लोखंड आपलं जागेवर."

मला हे वाक्य तेव्हाही आवडलं नाही. विज्ञानातून असलं काही काढत बसू नये असं माझं मत आहे. पण विसरताही आलेलं नाही.

त्यांचं खरं वेड होतं अर्थिंगचं. पावडर प्लस झाली तरी एवढ्यावर भागत नाही. समोरच्या लोखंडात जमिनीतून इलेक्ट्रॉन वर यावे लागतात, तरच ते पावडरीला ओढून घेतं. नाहीतर दोन-चार झोत बसतात, लोखंडही प्लस होऊन बसतं आणि पुढची पावडर झटकून टाकतं. नळीत साठलेले इलेक्ट्रॉनही जमिनीतच जायला हवेत, नाहीतर नळी नवे घेईनाशी होते. सगळं येणंजाणं एका लोखंडी पट्टीतून. ती शेडमागे एका खड्ड्यात पुरलेली होती.

आणि मिरजोळ्याची जमीन म्हणजे कातळ. वीतभर माती, खाली जांभा. उन्हाळ्यात ठणठणीत. सुक्या दगडातून इलेक्ट्रॉन येणार कुठून आणि जाणार कुठे? "मुंबईत चिखल हुता," काका म्हणायचे. "अर्थिंग फुकट. इथं दगडाला पाणी पाजावं लागतं."

म्हणून रोज सकाळी शटर उघडण्याआधी ते त्या खड्ड्यात कळशीभर पाणी ओतायचे. हळूहळू, धार धरून, पाणी जिरेपर्यंत तिथेच उकिडवे बसून. मग आत येऊन गन लावायचे आणि तिच्या मीटरचा काटा बघायचे. किती इलेक्ट्रॉन निघून चाललेत ते तो काटा सांगतो. काटा चढला की दिवस चांगला. नाही चढला की त्या दिवशी हुक घासता घासता आमच्या हातांची सालं निघायची, कारण हुकावर जुना रंग साचला तरी वाट बंद होते.

एकदा बायकांनी खड्ड्याच्या कडेला जास्वंदीचं फूल ठेवलं. काकांनी ते उचलून आणलं.

"कोणी ठेवलं हे?"

"आम्हीच. तुम्ही पूजा करता, म्हटलं आपण फूल तरी वाहू."

"देव नाय तो, मेल्यांनो! भोक हाय ते जमिनीला!"

"भोकाला कोण सकाळी उठून पाणी घालतं हो काका?"

काका तणतणत आत वळले. फूल मात्र फेकलं नाही, खिडकीत ठेवलं.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या वर्षाला कॉलेजात आम्ही एक प्रयोग केला. पाण्यात दोन तारा, बल्ब पेटत नाही. चिमूटभर मीठ टाकलं, बल्ब पेटला. मी धावतच शेडवर गेले. पहिल्या दिवसाचं हसू मी विसरले नव्हते. म्हटलं, आज मी शिकवते.

"काका, साधं पाणी घालून काय होणार? मिठाचं घाला. मिठाच्या पाण्यातून वीज कितीतरी जास्त जाते. आज मी डोळ्यांनी बघितलं."

दोन दिवस ते साधंच पाणी ओतत राहिले. तिसऱ्या दिवशी विचारलं, "तुझ्या आयशीच्या कंपनीत कोळंबीचं पाणी टाकून देतात ना? खारं असतं?"

असायचंच. कोळंबी धुतलेलं मिठाचं, बर्फाचं पाणी, गटारात जायचं. आईने तिथल्या वॉचमनला सांगितलं आणि रोज सकाळी कॉलेजला जाताना मी एक कॅन भरून काकांना आणून द्यायला लागले. पहिल्याच आठवड्यात काटा असा चढला की काकांनी मला बोलावून दाखवला. "पोरी, डोकं हाय तुला." आमच्या घरी असं कोणी म्हणत नसे. मी दिवसभर हवेत होते.

"पण कोणाला बोलू नको," ते म्हणाले. "शेट म्हणेल मासळीचं पाणी शेडवर आणता."

शेटना कळलं नाही, मांजरांना कळलं. एमआयडीसीतली सगळी मांजरं खड्ड्याभोवती जमायची आणि काका एका हाताने पाणी ओतत दुसऱ्या हाताने त्यांना हाकलायचे. बायका म्हणायच्या, पुजाऱ्याला भक्त मिळाले.

असं वर्षाच्या वर चाललं. मीठ वीज नेतं, पण तेच मीठ लोखंड खातं. पूर्णगडच्या पोरीला हे कोणी सांगायला हवं होतं का? बोटीचे खिळे, नांगराची साखळी, सगळं गंजताना बघत मी वाढले. आणि काका बुरोंडीचे, तेही समुद्राचेच. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. बोटीचं लोखंड डोळ्यांसमोर असतं. हे जमिनीखाली होतं, आणि वर काटा तर चांगला होता.

तिसऱ्या वर्षी शिमगा होऊन गेला, परीक्षेला महिना राहिला, आणि काम बिघडायला लागलं. पावडर कोपऱ्यात बसेना, निम्मी खाली पडायची. हुकाला हात लावला की बोटाला चटका. काका रोज जास्त पाणी घालायला लागले, एक कॅन होता तिथे दोन. काटा मेलेलाच. त्यात शाळेच्या बाकांच्या फ्रेमांची मोठी ऑर्डर होती. ती सगळी परत आली. कोपऱ्यांवरून रंग नखाने निघत होता.

शेट एक फ्रेम हातात घेऊन शेडमध्ये आले.

"ह्या टांगल्या कोणी?"

दुपारची पाळी माझी होती. "मी."

"हुक घासले होते?"

"घासले होते शेट. हात बघा माझे."

"हात काय बघू? माल बघतोय ना मी! पुस्तक वाचत हुक घासलेस तर असंच होणार. शनिवारी हिशेब घे आणि बस घरी. अभ्यास कर काय करायचा तो."

बायका खाली बघायला लागल्या. काका म्हणाले, "शेट, हुक मी स्वतः बघितलेत. पोरीची चूक नाय."

"मग कोणाची? तुमची?"

काका एक हुक काढून उलटसुलट करून बघायला लागले. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

शनिवारला तीन दिवस होते. माझी नोकरी गेली तर धाकट्या भावाची शाळा कशीबशी चालू राहिली असती, माझं कॉलेज सुटलं असतं. परीक्षेच्या तोंडावर मी घरात बसले असते आणि मग आईसोबत कोळंबी सोलायला गेले असते. हे मला आईने सांगितलं नाही. तिने फक्त विचारलं, "आमच्याकडं बायका घेतायत, विचारू काय गो?" मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांब.

रात्रभर मी काही केलं नाही, झोपले. दमलेली होते. पण दुसऱ्या दिवशी कॉलेजात बाकावर बसल्या बसल्या एक गोष्ट डोक्यात आली. पावडर घासते आहे, नळी तीच आहे, हुक साफ आहेत. तरी काटा मेलेला. म्हणजे इलेक्ट्रॉन पावडरीतून निघायला तयार आहेत, पण नळीतून त्यांना पुढे जायला वाट नाही. लोखंडात यायला वाट नाही. वाट एकच आहे.

शेडच्या बाजूला बोअरवेल होती. तिचा लोखंडी पाइप थेट खालच्या पाण्यापर्यंत गेलेला. दुपारी मी जाड तारेचं भेंडोळं घेतलं, एक टोक पाइपला आवळलं, दुसरं रेलला आणि गनच्या अर्थिंगला.

"काय चाललंय गो?" काकांनी विचारलं.

"काका, एक फ्रेम मारून बघा."

त्यांनी गन सुरू केली आणि काटा उठला. एका झोतात फ्रेम झाकली गेली, कोपऱ्यांसकट, मागच्या बाजूनेसुद्धा. काका फ्रेमकडे बघत नव्हते. ते तारेकडे बघत होते. मग त्यांनी स्वतःच्या हाताने पाइपचं टोक सोडलं. काटा पडला. परत जोडलं. काटा चढला. तीनदा केलं.

"म्हणजे खड्डा मेलाय," ते म्हणाले.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. मीठ, पट्टी, सगळं. त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. मग म्हणाले, "शेटना बोलव."

शेट येईपर्यंत त्यांनी पहारीने खड्डा उकरायला घेतला होता. हातभर खाली पट्टी लागली. त्यांनी ओढली तशी ती हातात आली, भिजलेल्या पापडासारखी. थर सुटले. खाली काहीच नव्हतं, नुसता लाल चुरा, आणि कोळंबीचा वास.

शेटनी नाकाला रुमाल लावला. "हे काय ओतत होता तुम्ही इथे?"

"खारं पाणी."

"लोखंडावर? काका, चाळीस वर्षं काम केलंत तुम्ही! कोणी सांगितलं होतं असं करायला?"

मी तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पट्टीचा तुकडा हातात फिरवत म्हणाले, "सांगणार कोण? फोरमन मी. माझीच अक्कल."

"आणि मी त्या पोरीला काढत होतो!"

"तेच सांगत हुतो, तिची चूक नाय. उलट तिनंच शोधलं बघा. ठेवा तिला. डोकं हाय."

मी तोंड मिटलं.

लोक म्हणतील, वय लहान होतं, घाबरली असेल. मी घाबरले नव्हते. मी हिशेब केला. बोलले तर दोघं जाणार, गप्प बसले तर एक. असा हिशेब मला त्या वयात पटकन जमला, आणि तो बरोबर होता असं मी आजही म्हणू शकत नाही.

शेटनी त्यांना ठेवलं नाही. आरडाओरडा केला नाही, एवढंच म्हणाले, "काका, आता तुम्ही आराम करा." काका आत आले, गनची नळी सोडून साफ केली, मीटर पुसला, फडकं घडी करून ठेवलं. जाताना सवयीने हात खांबाला लावला. एका बाईने विचारलं, "काका, उद्या चहाचं कोण विचारणार?" तर म्हणाले, "हिला विचारा. हिला येतं उत्तर." मला त्यांच्यामागे जायचं होतं. रेलवर अठरा फ्रेमा टांगायच्या राहिल्या होत्या. त्या टांगल्या.

ते बुरोंडीला गेले, पुतण्याकडे. इकडे शेडमागे शेटनी नवीन खड्डा खणून घेतला, त्यात कोळसा भरला, नवी पट्टी टाकली. त्याला साधं पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते परीक्षेच्या दिवशीसुद्धा केलं. माझी नोकरी राहिली, परीक्षा झाली.

निकाल लागल्यावर मी शेटना खरं सांगितलं. मिठाची कल्पना माझी, कॅन मी आणत होते. शेटनी हातातली चलनं एकावर एक नीट लावली. "आता सांगून काय उपयोग?" म्हणाले. उपयोग नव्हताच. काकांच्या जागी दुसरा माणूस येऊन रुळला होता. मी काकांना फोन लावला. त्यांनी पहिल्या रिंगला उचलला.

"काका, मी शेटना सांगितलं."

"काय?"

"मिठाचं."

"कशाला गो? मला काय परत यायचंय?" मागे समुद्राचा आवाज होता, नाहीतर वाऱ्याचा. "निकालाचं सांग."

मी सांगितलं. ते "बरं" म्हणाले. परत एकदा म्हणाले, "बरं झालं." मग कोणी हाक मारली म्हणून फोन ठेवला. त्यानंतर मी दोनदा बुरोंडीला जायचं ठरवलं. शाळा, पेपर, घर. गेले नाही. तिसऱ्यांदा ठरवलं तेव्हा ते नव्हते.

मी बी.एस्सी. झाले, भौतिकशास्त्र घेऊन, द्वितीय श्रेणीत. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्ही घराण्यांत पदवी मिळवणारी मी पहिली.